खालच्या तोंडाचा मासा

ज्या वर्षी धरण इतकं आटलं की पाण्याखाली गेलेल्या गावातलं देऊळ पुन्हा उघड्यावर आलं आणि लोक मोटारसायकली घेऊन ते बघायला जाऊ लागले, त्या वर्षी तेलगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या एका बंगल्यात समुद्र येऊन बसला होता. बंगला तालुका दूध संघाचे चेअरमन अर्जुनराव यांचा. सगळा मुलूख त्यांना आप्पा म्हणे. दिवाणखान्यात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीला लांबलचक काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, प्रवाळाचे दगड, निळसर उजेड आणि त्या उजेडात फिरणारे असे मासे, की आलेला माणूस आप्पांना नमस्कार करायचं विसरून तिकडंच बघत राही. आप्पांना त्याचा राग येत नसे. उलट ते खूश होत.

आता बाहेर टँकरपुढं हंड्यांच्या रांगा लागलेल्या असताना माणसानं घरात समुद्र पाळावा का, हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. आप्पांना पडला नाही. "समुद्राचं पानी प्यायला चालतंय का? न्हाई ना? मग माझ्या माशांनी कुनाचं पानी पेलं?" असं ते छातीठोक विचारत. खरं म्हणजे ते खारं पाणी गोड्या पाण्यात खास मीठ कालवूनच करावं लागे. शिवाय टाकीतलं जे पाणी वाफ होऊन उडे, त्याच्या जागी रोज गोडं, स्वच्छ आरओचं पाणी घालावं लागे. ते संघाच्या यंत्रावरून यायचं आणि बंगल्याच्या मागच्या पडवीत निळ्या ड्रममध्ये साठवलं जायचं. पण एवढं खोलात शिरायची कुणाला गरज वाटत नव्हती, आणि ज्याला हे सगळं ठाऊक होतं त्याचं पोट त्याच टाकीवर होतं.

तो म्हणजे उत्तरेश्वर. पाटोद्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात शोभेच्या माशांच्या एका मोठ्या दुकानात काही वर्षं काढली आणि बीडला परत येऊन स्वतःचं दुकान थाटलं. दुकानात गोल्डफिश, गप्पी, लहान पोरांच्या हट्टापायी घेतली जाणारी काचेची गोल भांडी, हाच काय तो माल. समुद्री माशांची टाकी म्हणाल तर आप्पांची एकच. पण त्या एका टाकीनं त्याला असा भाव आला होता की विचारू नका. बंगल्यावर येणारे-जाणारे त्याला 'माशांचा डॉक्टर' म्हणत. पहिल्यांदा तो लाजला, मग हसला आणि मग त्यानं कुणाची चूक दुरुस्त करणंच सोडून दिलं.

त्याची खरी करामत होती ती सारखे दिसणारे मासे वेगळे ओळखण्याची. संघाचे संचालक बैठकीला आले की आप्पा त्याला मुद्दाम बोलावून घेत. उत्तरेश्वर टाकीपुढं उभा राही, खिशातलं पेन काढी आणि शहरी मराठीत सुरू होई.

"हे दोन नारंगी मासे बघा. जुळे भाऊ वाटतात की नाही? पण हा ओसेलारिस आणि तो पर्क्युला. पांढऱ्या पट्ट्याची काळी किनार बघा. ह्याची दोऱ्यासारखी बारीक, त्याची जाड. आता हे दोन पिवळे. हा एंजल आणि तो टँगचं पिल्लू. टँग लहानपणी एंजलचं सोंग घेऊन फिरतो. फसायचं नाही. एंजलच्या गालावर काटा असतो, टँगच्या शेपटीच्या मुळाशी."

"आन् खायला कोन्ता चांगला?" एखादा संचालक विचारी, आणि हसण्याचा गडगडाट होई. उत्तरेश्वरही हसे. मग पेन खिशात ठेवता ठेवता तो म्हणे, "खरं सांगू का आप्पा, मला रंग न् काटे बघावेच लागत नाहीत. मासा मी चालीवरून ओळखतो."

हे वाक्य त्याला फार आवडे. आप्पांनाही आवडे. ते पुढं चार ठिकाणी सांगत, "आमचा गडी नुसत्या चालीवर मासा वळखतो!"

तो नसे त्या दिवशी टाकीचं बघायची छबूबाई. बंगल्यात झाडलोट, भांडी, वरकाम करणारी. तिचा मुलगा आसाराम आणि सून दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला टोळीबरोबर खालच्या मुलखात जात. छबूबाईनंही उभं आयुष्य तेच केलेलं. पण बंगल्याचं काम मिळाल्यापासून ती मागं राहू लागली होती आणि तिच्यामुळं नात मनकर्णाही मागं राही. मनू शाळेत जाई, आणि टोळीवाल्यांच्या पोरांत उसाचा हंगाम संपल्यावरही पाढे पाठ असणारी ती एकटीच होती. छबूबाईच्या लेखी बंगल्यातली नोकरी म्हणजे पगार नव्हता, मनूची शाळा होती. हे ती उत्तरेश्वरला कितीदा तरी सांगे.

उत्तरेश्वरनं तिला काचेवर एक रेघ मारून दिली होती. पाणी रेघेच्या खाली गेलं की ड्रममधलं घालायचं, चिमूटभर खाद्य टाकायचं, बाकी हात लावायचा नाही. ती टाकीजवळ जाताना चप्पल काढून ठेवी. "दर्याला पाय लावू नये," म्हणे.

दसऱ्याच्या सुमाराला थोरल्या एंजलच्या अंगावर बारीक पांढरे कण दिसू लागले. हा निळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, टाकीतला सगळ्यात देखणा मासा. आप्पांनी त्याचं नाव बादशहा ठेवलं होतं. उत्तरेश्वर म्हणाला, "औषध नको. सफाई मासा आणू. बोटाएवढा असतो, निळापांढरा, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. तो नाचत नाचत येतो, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे वेचून खातो. मोठमोठे मासे त्याच्यापुढं पंख पसरून, तोंड उघडून उभे राहतात."

"म्हंजे म्हशीवरला बगळाच की!" आप्पा म्हणाले. "आन मग."

उत्तरेश्वर मुंबईला गेला. बाजारातल्या एका दुकानात कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टाकीत सफाई मासे होते. गर्दी होती, त्याला परतीची गाडी गाठायची होती. एक मासा पुढं आला, डोकं खाली-वर करत, अंग घुसळत तो ओळखीचा नाच नाचला. "दे हाच," उत्तरेश्वर म्हणाला. पिशवीत ऑक्सिजन भरून मासा त्याच्या मांडीवर बसून बीडला आला आणि तिथून तेलगावला.

दिवाळी झाली आणि आप्पांचा फोन आला, असशील तसा ये. उत्तरेश्वर पोचला तेव्हा दिवाणखान्यात संघाचे पाच-सहा संचालक सोफ्यावर बसले होते. बैठक चाऱ्याच्या भावाची होती, पण सगळ्यांचे डोळे टाकीकडं होते. निळा टँग आणि एक नारंगी मासा बादलीत मरून पडले होते. तिसऱ्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. बादशहा एका दगडाआड तोंड खुपसून उभा होता, आणि त्याचे पंख कुणी कात्रीनं कातरल्यासारखे दिसत होते.

उत्तरेश्वर काचेला नाक लावून बघू लागला. तेवढ्यात तो बोटाएवढा मासा नाचत नाचत पुढं आला. बादशहानं त्याला पाहिलं. एवढं सोसूनही तो बिचारा दगडाआडून बाहेर आला, उरलेले पंख पसरून, धार काढायला उभी राहिलेल्या गाईसारखा गप उभा राहिला. छोटा मासा त्याच्या पोटाजवळ गेला आणि त्यानं लचका तोडला. बादशहा झटका खाऊन मागं पळाला. छोटा मासा सावकाश वळला आणि काचेजवळून वर गेला. उत्तरेश्वरनं त्याला खालून पाहिलं.

तोंड नाकाच्या टोकाला नव्हतं. खाली होतं. गळ्याच्या बाजूला, नाकाआड दडलेलं.

 हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात असताना त्यानंच नवीन पोरांना शिकवलं होतं, की सफाई माशाचं हुबेहूब सोंग घेणारा एक दुसरा मासा असतो. तोच रंग, तोच पट्टा, तोच नाचसुद्धा. मोठे मासे विश्वासानं पुढं उभे राहतात आणि हा लचका तोडून पळतो. दोघांत फरक एकच, खऱ्याचं तोंड पुढं आणि खोट्याचं खाली. ज्याला चालीवरून ओळखायला जाल तर हमखास फसाल असा जगात हाच एक मासा, आणि चालीवरून ओळखणाऱ्यानं नेमका तोच उचलून आणला होता.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं. "कशानं मेले?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आप्पा, मासा चुकीचा आणला मी. एवढंच. पण सोफ्यावर ते संचालक बसले होते. त्यातल्या एकानं गेल्याच महिन्यात, आपल्या गेवराईच्या घरी अशीच टाकी करून द्या, असं म्हटलं होतं. आणि आप्पा नुकतंच त्यांना सांगत होते, की घाबरू नका, आपला गडी लगेच वळखंल.  उत्तरेश्वरची जीभ सुटली, आणि सुटली ती भलतीकडंच.

"पाण्यात गडबड झालीय," तो म्हणाला.

"पानी तर आपल्या यंत्राचं हाय."

"यंत्राचं असेल तर प्रश्न नाही. पण त्यात टँकरचं मिसळलं गेलं असेल तर मासे असेच होतात."

कुणाचं नाव त्यानं घेतलं नाही. हे तो पुढं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिला, की मी नाव घेतलं नाही. पण टाकीत पाणी घालणारी माणसं बंगल्यात दोनच होती आणि त्यातला तो तर डॉक्टर. शिवाय त्या वर्षी पाण्याच्या चोरीइतकी पटण्यासारखी गोष्ट दुसरी नव्हती. सोनं गेलं म्हणालं असतं तर लोकांनी चौकशी केली असती. पाणी गेलं म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटलं.

आप्पांनी छबूबाईला हाक मारली. ती हात पदराला पुसत आली.

"छबू, ड्रमातलं पानी कुठं गेलं?"

उत्तरेश्वरला वाटलं, ती चकित होईल, भांडेल, शपथा घेईल. मग कदाचित आपल्यालाही बोलायला वाट मिळेल. पण छबूबाईचा चेहरा एकदम उतरला. ती खाली बसली.

"नेलतं आप्पा," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोलत. मनूला टँकरच्या पान्यानं जुलाब लागलते. डाक्टरीन म्हनली, स्वच्छ पानी पाज. मी कुठून आनू? तांब्याभर नेलतं. दोनदा नेलतं. ड्रमात कमी दिसू न्हाई म्हनून तेवढंच टँकरचं वतलं. मला वाटलं, तेवढ्यानं काय व्हतंय." आणि मग ती उत्तरेश्वरकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं. "त्याच्यानंच मेले का वो डाक्टर? मी मारले का?"

सगळ्या खोलीत तिला खरं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता. आणि तिनं बरोबर त्यालाच विचारलं होतं. तांब्याभर पाण्यानं एवढ्या टाकीचं काही बिघडत नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"मावशी," तो म्हणाला, "खाऱ्या पाण्याचं काम फार नाजूक असतं."

शोधून शोधून काय वाक्य काढलं पठ्ठ्यानं! खोटंही नाही आणि खरंही नाही. छबूबाईनं मान खाली घातली. आप्पा फारसे ओरडले नाहीत. उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हणाले. जाताना ती टाकीपुढं थांबली, चप्पल नव्हतीच पायात, तिनं बादशहाला हात जोडले आणि मागच्या दारानं निघून गेली. उत्तरेश्वरनं छोटा मासा जाळीत धरला, "ह्यालाही त्रास झालाय, दुकानात नेऊन बघतो," असं म्हणत पिशवीत घातला आणि तोही मागच्याच दारानं गेला. पुढच्या दारानं जायचं धाडस त्याला झालं नाही.

मासा मेला असता तर बरं झालं असतं. पण तो कसला मरतो! उत्तरेश्वरनं दुकानाच्या मागच्या खोलीत मीठपाण्याच्या छोट्या टाकीत त्याला एकटा ठेवला, आणि तो मजेत राहू लागला. चावायला कोणी नव्हतं तरी काचेपलीकडून कुणी गेलं की नाच करून दाखवी. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हा सफाईवाला का हो?" उत्तरेश्वर नको तितक्या जोरात "नाही" म्हणाला. गिऱ्हाईक दचकलं.

त्याला लाज वाटत होती. भात कालवताना, शटर ओढताना, आरशात भांग पाडताना. दुपारी घोटभर पाणी प्यायला बाटली उचलली की 'तांब्याभर नेलतं' हे शब्द कानात येत, आणि बाटली तशीच खाली ठेवावी लागे. कोणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली की कुणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखं वाटे. इकडं बंगल्यात छोटा मासा नसल्यामुळं बादशहा सुधारत चालला होता. पंख भरून येत होते. आप्पा फोनवर म्हणाले, "बघ, पानी नीट झालं आन् मासे नीट झाले. बराबर वळखलं तू." त्या दिवशी तो जेवला नाही.

मग त्याला आणखी एक गोष्ट कळली. दूध संघाच्या सर्वसाधारण सभेत आप्पांनी पाणी जपून वापरण्यावर भाषण केलं होतं. त्यात त्यांनी सांगितलं होतं, की पाण्याच्या बाबतीत मी घरच्यांचीही गय केली नाही, इतक्या वर्षांची बाई, पण पाणी नेलं म्हणून काढली. टाळ्या पडल्या होत्या. आणि संघाचं दूध घेऊन बीडला आलेल्या कुणीतरी त्याला हेही सांगितलं, की छबू यंदा टोळीबरोबर जाणार, नातीलाही घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर मासा पिशवीत घालून बंगल्यावर गेला. आप्पा एकटेच चहा पीत होते. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मासा कसा चुकला, बैठकीच्या दिवशी तो कसा दिसला होता, दिसूनही आपण कसं पाण्यावर ढकललं. सांगताना त्याची शहरी मराठी कुठल्या कुठं गेली. "माझं चुकलं आप्पा. लई मोठं चुकलं. तिला परत बोलवा."

आप्पांनी पिशवी उचलून उजेडात धरली. मासा नाचू लागला. दूध संघात येण्याआधी आप्पांनी बैलांचा व्यापार केला होता, आणि मराठवाड्यातला एक बाजार त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी पिशवी खालून बघितली.

"तोंड खाली हाय की ह्याचं," ते म्हणाले. "आमी बैल घेताना आधी त्याचा जबडा उघडून दात बघतो. चाल मागनं बघतो. चाल काय, नाल मारून, दारू पाजून कुनीबी आठ दिस नीट करतंय. आन् तू तोंड न बघता जनावर घेतलंस? बीडचा मानूस असून?"

"चुकलं आप्पा."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली.  मग विचारलं, "पर पानी तिनं नेलतं का न्हाई?"

"नेलतं. तांब्याभर. पर मासे त्यानं मेले न्हाईत."

"मी सभेत काय बोललो? मासे मेले म्हनून काढली, आसं बोललो का? पानी नेलं म्हनून काढली, आसं बोललो. ते खरंच हाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता तिला परत घेतली तर लोक म्हनतील, चेअरमन एक बोलतो आन् एक करतो. जिल्ह्यात तोंड दाखवायचंय मला. तुझी चूक तू सांगितलीस, झालं. टाकीचं बघत जा."

त्यांनी रागवावं, टाकी काढून घ्यावी, हाकलून द्यावं, अशी उत्तरेश्वरची तयारी होती. माफ करतील याची नव्हती. तो उठला, आणि पिशवी तिथंच विसरून निघाला.

तेलगावात वेशीजवळ टोळीच्या मुकादमाचा ट्रक उभा होता. निम्मा भरला होता. पत्र्याच्या पेट्या, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, सरपण, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, दोन शेळ्या. आसाराम खालून बोचकी वर देत होता आणि सून वरून घेत होती. छबूबाई ट्रकच्या सावलीत बसली होती. तिच्याजवळ मनू, पाठीवर शाळेचं दप्तर. तिकडं शाळा नव्हती, पण दप्तर घेतल्याशिवाय पोर निघायला तयार नव्हती म्हणे.

"आवो डाक्टर!" छबूबाई लगबगीनं उठली. "तुमी कशाला आलाव एवढ्या उन्हाचं? बादशा बरा हाय का?"

बादशहा बरा आहे का! आधी हेच विचारलं तिनं. उत्तरेश्वरला वाटलं, जमीन दुभंगावी.

त्यानं ठरवलं होतं की चारचौघांतच बोलायचं, कारण घाव चारचौघांत घातला होता. तो मोठ्यानं बोलला. "मावशी, मासे तुमच्यामुळं न्हाई मेले. मी मारले. मासा मीच खोटा आनला व्हता. सफाईचा म्हनून आनला आन् तो चावनारा निघाला. तुमच्या पान्याचा काय संबंध न्हाई."

बोचकी चढवणारे हात थांबले. मुकादम विडी ओढत होता, तो पुढं सरकला.

 छबूबाई हळूच हसली. "मासा कुठं खोटा असतोय व्हय डाक्टर?"

"असतो मावशी! दिसायला सारखाच असतो. तोंड तेवढं खाली असतंय. मला त्या दिवशीच दिसलं व्हतं. तुमी विचारलं तवा मला ठाऊक व्हतं. तरी मी बोललो न्हाई. लाजलो. माझी इज्जत जाईल म्हनून तुमची घालवली."

यापेक्षा उघड काय बोलायचं? अंगावरचं एकेक वस्त्र काढून टाकल्यासारखं त्यानं सगळं काढून ठेवलं होतं. आता तिनं शिव्या द्याव्यात, आसारामनं गचांडी धरावी, एवढीच त्याची मागणी होती.

छबूबाई मुलाकडं वळली.  "बघ आसाराम. मी म्हनत न्हवते? लई मोठ्या मनाचा मानूस हाय ह्यो. माझं पाप सोताच्या अंगावर घ्यायला आलाय. आप्पाकडंबी जाऊन आला असंल बघ."

"गेलतो," उत्तरेश्वर म्हणाला. "पर मावशी, तसं न्हाई..."

"गेलतेच बघ!" ती सगळ्यांना सांगू लागली. "नोकरी गेली असती त्यांची. तरी गेलते. आवो डाक्टर, पानी मी ह्या हातानं नेलतं. टँकरचं घान पानी ह्या हातानं वतलं. देवानं बघितलं ते. तुमी किती बी खोटं बोला, मला ठाऊक हाय न्हवं?"

"मी खोटं बोलत न्हाई!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि त्यानं तर घात झाला. आसारामनं पुढं येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "आमच्यासारख्यासाठी कुनी एवढं करत न्हाई." मुकादमानं विडी टाकली, डोक्याची टोपी नीट केली आणि म्हणाला, "आसा मानूस आजच्या काळात बघायला मिळत न्हाई." वरून सुनेनं हात जोडले.

उत्तरेश्वर त्यांच्यामध्ये उभा होता. जेवढं बोलावं तेवढा तो त्यांच्या नजरेत मोठा होत होता, आणि जेवढा मोठा होत होता तेवढी छबूबाई दोषी ठरत होती. ट्रकच्या चालकानं भोंगा वाजवला.

"मने," छबूबाईनं नातीला पुढं ढकललं. "तुझ्यापायी झालं सारं. पड साहेबांच्या पाया."

पोर दप्तर सावरत पुढं आली. जुलाबानं आत गेलेले गाल अजून भरले नव्हते. ती वाकली आणि तिनं त्याच्या बुटांवर डोकं टेकलं. कुणी पाया पडलं की आपला हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. तसा उत्तरेश्वरचा गेला. तो मागं घ्यावा हे त्याला सुचलंच नाही.

मनू उठली. आजीकडं बघून घेतलं, आणि शाळेत पाढा म्हणावा तशी, हात मागं बांधून म्हणाली, "पुन्ना न्हाई पिनार माशाचं पानी."